घाणीचा धनी कोण?

दोन घरांमध्ये जांभ्या दगडाचा एक गडगा असतो. त्या गडग्यावरून एका घरच्या माणसाने केराची एक टोपली पलीकडच्या परड्यात ओतली, तर पुढे काय होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आधी शब्द, मग पंच, मग कोर्ट, असा त्या टोपलीचा प्रवास होतो; वकिलीच्या धंद्यामुळे अशा टोपल्यांशी आमचा चांगलाच परिचय आहे. परंतु तीच टोपली रोज सकाळी घंटागाडीत रिकामी केली, तशा हजारो टोपल्या एकत्र झाल्या, आणि गावाबाहेरच्या एखाद्या वाडीच्या उशाशी नेऊन रिचवल्या, तर त्याबद्दल कोणाच्याही मनास टोचणी लागत नाही. एका टोपलीचा अपराध होतो आणि दहा हजार टोपल्यांची ‘व्यवस्था’ होते, हा कोठला न्याय? त्या वाडीतील लोकांनी नाकास पदर लावून दिवस काढावे, त्यांच्या मुलांनी रात्रभर खोकावे, आणि ज्यांच्या घरची ती घाण आहे त्यांनी सारवलेल्या अंगणात खुशाल रांगोळी काढावी, ही गोष्ट आम्हांस उघड अन्यायाची वाटते. तिचा विचार आज शिरोड्यास समोर ठेवून करावयाचा आमचा हेतू आहे.

कचऱ्याचे डोंगर मुंबईस असतात, आमच्याकडे माड आणि सुरूची बने आहेत, मग ही उठाठेव कशाला, असे बाजारपेठेतील कित्येक गृहस्थ म्हणतील. त्यांस आमचे इतकेच सांगणे की डोंगर एका दिवसात उभा राहत नाही. आमच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून केर म्हणून जो निघे, त्यात मातीस न पचणारे असे जवळजवळ काहीच नसे. चुलीची राख भांडी घासण्यास व उरलेली माडाच्या आळ्यात, मासळी धुतलेले पाणी आणि खवले त्याच आळ्यात, नारळाची सोडणे न्हाणीच्या हंड्याखाली, शेण व पाचोळा उकिरड्यात, आणि तो उकिरडा पावसाच्या तोंडी शेतात, असा सगळा व्यवहार होता. व्हाळाच्या काठी चार जिन्नस फेकले तरी एका पावसाळ्यात त्यांची माती होई. आज फेकण्याची आणि जाळण्याची सवय तीच आहे. जिन्नस मात्र पार बदलला आहे. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, लहान मुलांचे विकतचे लंगोट, वेळागरच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रवाशांच्या पाण्याच्या बाटल्या, हे सर्व मासळीच्या डोक्यांबरोबर आणि शिळ्या भाताबरोबर एकाच बालदीत पडते. ज्या गावास बाजार आहे आणि प्रवासी आहे त्या गावास हा कचरा आहे, मग त्यास नगरपालिका असो वा ग्रामपंचायत.

या कचऱ्याची सर्वांत जवळची क्षेपणभूमी गावाबाहेर नसून घरातच आहे, हे आम्ही प्रथम सांगून टाकतो. ती म्हणजे न्हाणीची चूल. सोडणे आणि चुडते यांच्या जोडीला प्लास्टिकची पिशवी हंड्याखाली सारली की चूल लवकर पेटते, म्हणून घरोघर ती सारली जाते. या धुराने डोळे चुरचुरतात एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. वास्तविक अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यात क्लोरीनयुक्त प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसीचा एखादा तुकडा, असला तर आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाची विषेही निर्माण होतात. ही शरीरातील चरबीत साठून राहतात आणि त्यांपैकी अत्यंत जहाल अशा एका प्रकाराची गणना कर्करोगकारक द्रव्यांत झाली आहे. उरलेली राख पूर्वीच्याच भाबड्या विश्वासाने माडाच्या मुळाशी जाते. चुलीपाशी वाकून फुंकर कोण घालते? घरातील बाई. तिच्या कडेवर कोण असते? तान्हे मूल. आमच्याच घरी आमच्याच पत्राची रद्दी आणि तिच्यासोबत आलेला प्लास्टिकचा कागद मिळून चूल पेटविली जात होती, ही गोष्ट आम्हांस हा विषय हाती घेईपर्यंत माहीत नव्हती. तेव्हा हा उपदेश आम्ही उंच ओट्यावर उभे राहून करीत नाही.

आता ढिगाकडे वळू. ओला आणि सुका कचरा एकत्र करून त्याचा ढीग रचला की वरच्या थरांच्या भाराने आतील हवा निघून जाते. हवा आहे तोवर कुजण्याची क्रिया खत करणारी असते. जंगलातील पाचोळ्यास घाण येत नाही ती याच कारणाने. हवा संपली की निराळ्या जातीचे सूक्ष्म जंतू कामास लागतात, आणि त्यांच्या कारभारातून जो वायू निघतो त्याचा सुमारे निम्मा भाग मिथेन व उरलेला बहुतेक कार्बन डायॉक्साइड असतो. मिथेनास वास नाही, पण तो पेट घेतो. आणि वातावरण तापविण्याच्या कामी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडाच्या सुमारे २८ पट प्रबळ आहे. वास येतो तो फार अल्प प्रमाणात असलेल्या इतर वायूंचा: कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड, नाकात झोंबणारा अमोनिया, आणि सडक्या मासळीच्या वासाची काही द्रव्ये. हायड्रोजन सल्फाइडाची गोष्ट तर विलक्षण आहे. तो अधिक प्रमाणात असला किंवा फार वेळ हुंगला गेला म्हणजे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. “आता सवय झाली, काही वाटत नाही,” असे ढिगाजवळचा मनुष्य म्हणतो तेव्हा तो हवेविषयी सांगत नसून आपल्या नाकाविषयी सांगत असतो.

इटलीतील लात्सिओ प्रांतात नऊ क्षेपणभूमींच्या पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या सुमारे २ लाख ४२ हजार लोकांची पाहणी करून तिचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वाट्यास हायड्रोजन सल्फाइड अधिक आला त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आणि श्वसनाच्या विकारांनी इस्पितळात भरती होणे, विशेषतः मुलांचे, अधिक आढळले. अशा पाहणीने संबंध दिसतो, कारण निर्विवाद सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु इटलीतल्या त्या ढिगांची देखरेख आमच्या ढिगांहून पुष्कळ बरी असावी, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कोकणात याला आणखी एक जोड आहे. सिंधुदुर्गात वर्षास ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ढिगातून तो पाझरला की खाली काळेशार पाणी निघते, आणि आमचा जांभा सच्छिद्र असल्यामुळे ते कातळावर थांबत नाही. ज्या गावाच्या विहिरी उथळ आहेत त्या गावाने उंच सड्यावर कचरा नेऊन टाकणे म्हणजे आपल्याच विहिरीच्या माथ्यावर तो टाकणे होय. पुण्याच्या कचऱ्याने फुरसुंगी व उरुळी देवाची येथील विहिरींचे पाणी नासले आणि त्या गावांस टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली, हा इतिहास फार जुना नाही.

दुर्गंधीविषयी आमच्या पूर्वजांची समजूत अशी होती की वास हाच रोग. १८९६ साली मुंबईस प्लेग आला तेव्हा सरकारी डॉक्टरसुद्धा दूषित वाफेच्या गोष्टी बोलत होते. येर्सिनने १८९४ साली प्लेगचा जंतू शोधला होता आणि सिमाँने १८९८ साली उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखविले. त्यानंतर वासाची उपपत्ती मागे पडली ती योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर वासाची साक्षही आम्ही फेटाळली, ही चूक झाली. वास हा रोग नव्हे हे खरे, पण तो खोटी साक्ष देणारा साक्षीदारही नव्हे. जेथे घाण येते तेथे हवेवाचून कुजणे चालले आहे, तेथे माश्या आहेत, उंदीर आहेत, आणि एक दिवस आगही आहे, इतके तो शपथेवर सांगतो.

ती आग २०१६ च्या जानेवारीत मुंबईस देवनार येथे लागली. अनेक दशके साचलेल्या त्या ढिगाच्या पोटात मिथेन होताच. धूर इतका उठला की तो उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, आणि आसपासच्या वस्त्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वस्त्यांत कोण राहतात? ज्यांस मुंबईत दुसरीकडे कोठे जागा परवडत नाही ते. आणि त्यांतील कित्येक त्याच ढिगातून काच, लोखंड, प्लास्टिक वेचून पोट भरणारे. मलबार हिलच्या घरचा कचरा त्यांच्या श्वासात जातो आणि त्यातली चार पैशांची वस्तूही त्यांनाच हातांनी शोधावी लागते. फेब्रुवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांस परवानगी देण्यावर बंदी घातली, तेव्हा कोठे बड्या लोकांस कचरा म्हणून काही असतो याची आठवण झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, तेव्हाचे औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर येथे नारेगावच्या परिसरातील ग्रामस्थांनी शहराच्या कचरागाड्या अडविल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ती घाण सोसली होती. शहराने दुसरी जागा पाहिली, तेथील लोकांनी गाड्या परत लावल्या. तिसरी पाहिली, तेथेही तेच. मार्चमध्ये मिटमिट्यास दगडफेक आणि पोलिसांचा मार येथपर्यंत मजल गेली. लाखो वस्तीच्या शहराचा कचरा आठवडेच्या आठवडे रस्त्यांवर पडून राहिला. नारेगावकरांस अडवणूक करणारे म्हणणारे पुष्कळ निघाले. आमच्या मते त्यांनी केले ते एवढेच की टोपली जिची तिला परत केली.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? पुष्कळ म्हणतो. हवा अशी दूषित करणे की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आरोग्यास अपाय व्हावा, हा १८६० च्या दंडसंहितेचे कलम २७८ प्रमाणे गुन्हा होता आणि त्यास दंड ५०० रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम २८० मध्ये तोच गुन्हा आहे आणि दंड १,००० रुपयांपर्यंत आहे. एकशे चौसष्ट वर्षांत मनुष्याच्या श्वासाची किंमत दुप्पट झाली, याबद्दल विधिमंडळाचे अभिनंदन करावे की कसे हे वाचकांनी ठरवावे. त्याहून अधिक कामाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलामच्या नगरपालिकेविरुद्ध दिला. उघड्या गटारांच्या घाणीने त्रस्त झालेल्या रहिवाशांनी फौजदारी संहितेच्या कलम १३३ खाली मॅजिस्ट्रेटकडे दाद मागितली होती. नगरपालिकेने पैसा नाही ही सबब सांगितली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती साफ नाकारली. तेच कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ या अंकाने आले आहे. पुढे २२ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. ग्रामपंचायतीवर तर गावच्या स्वच्छतेचे कर्तव्य १९५८ च्या अधिनियमानेच घातलेले आहे. इतके असूनही धूर निघतोच, कारण कायदा घाणीचा धनी शोधू लागला की त्यास ढिगाशी कोणीच उभे दिसत नाही. धनी आपापल्या स्वयंपाकघरात असतो.

म्हणून आम्ही मूळ प्रश्नास येतो. घाण ही कचऱ्याची नसून मिसळण्याची आहे. मासळीचे डोके एकटे असेल तर त्याचे खत होते. बाटली एकटी असेल तर भंगारवाला ती नेतो. दोन्ही एका पिशवीत बांधून गाठ मारली की दोहोंचाही नाश होतो आणि तिसरी वस्तू उत्पन्न होते ती दुर्गंधी. मग आम्ही वेगळे का करीत नाही? वेळ नाही म्हणून? दोन बालद्या ठेवण्यास जितका वेळ लागतो तितकाच एक ठेवण्यास लागतो. खरे कारण निराळे आहे आणि ते बोलून दाखविणे कोणास आवडत नाही. घरातून बाहेर गेलेली वस्तू हातांनी निवडणे हे हलके काम आहे, ते आपले नव्हे, ते करावयास एक जात देवाने नेमून दिली आहे, असा भाव आमच्या उच्चवर्णीय आणि व्यापारी घरांतून अद्याप गेलेला नाही. आम्ही पिशवीची गाठ मारतो ती या भरवशावर की पुढे कोणी तरी ती सोडील. आणि तो ‘कोणी तरी’ कोणत्या वस्तीतला असावयाचा हेही आमच्या मनात आधीच ठरलेले असते. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमाने नाहीशी केली, पण या गाठीत ती अजून बांधलेली आहे.

शिरोड्यास ही गोष्ट ऐकवावयास परगावचा सुधारक आणावयास नको. १९३० च्या मे महिन्यात येथल्या मिठागरांवर जो सत्याग्रह झाला त्याचा अभिमान प्रत्येक शिरोडेकरास आहे आणि असावाच. त्या सत्याग्रहात पुढे असलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी त्यानंतर रत्नागिरीच्या तुरुंगात कोणत्या हक्कासाठी अन्न सोडले? भंगीकाम आपल्यास करू द्यावे एवढ्यासाठी. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देता येत नाही असे सरकारचे म्हणणे, आणि ते मी करणारच असे अप्पांचे म्हणणे. १९३२ च्या डिसेंबरात येरवड्यास गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात याच अप्पांनी मैल्याचे व केरकचऱ्याचे खत करण्याचे प्रयोग चालविले. मीठ उचलण्याच्या स्मृतीस आपण दरवर्षी हार घालतो. त्याच माणसाने उचललेली दुसरी वस्तू मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो आहो.

आणि ही गोष्ट होण्यासारखी आहे की नाही, हे पाहण्यास लांब जावयास नको. आपल्या तालुक्याचे गाव पुरे. २०११ च्या गणतीत १२ हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या वेंगुर्ले नगरपालिकेने २०१५ नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकीर्दीत, घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. ओल्या कचऱ्याचे खत आणि जैववायू, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, कागद, काच, धातू ज्याच्या त्याच्या वाटेने, अशी योजना झाली. आणि जी जागा पूर्वी नाक मुठीत धरून ओलांडावी लागे ती झाडे लावून लोकांनी पाहावयास येण्याजोगी केली. आम्हांस या हकीकतीत यंत्रांचे कौतुक कमी आणि क्रमाचे अधिक वाटते. आधी जागा शोधून मग कचरा टाकला नाही. आधी घरात वेगळा केला, मग जागेची गरजच आटली. अशा कामाचे एक मर्मही आहे: ते एका अधिकाऱ्याच्या धडाडीने सुरू होते, परंतु त्याची बदली झाल्यावर टिकते ते लोकांच्या बालद्यांत टिकले असेल तरच.

शिरोड्यास तर हे नगरापेक्षा सोपे आहे. येथे बहुतेक घरांस परडे आहे. ज्याच्या परड्यात चार माड आहेत त्याच्या घरचा ओला कचरा गडग्याबाहेर पडावा याचे काहीच कारण नाही. राहिला सुका; तो कुजत नाही, म्हणून रोज उचलावयास नको, आठवड्यातून एक खेप पुरे. अडचण खरी येते ती तीन ठिकाणी. पहिले मासळीबाजार: तेथील घाण एका दिवसात सुटते, तेव्हा तिला रोजच्या रोज खड्डा हवा, प्रत्येक थरावर सुका पाचोळा किंवा सोडणांचा भुसा हवा, आणि पावसाळ्यात वर छप्पर हवे. दुसरे किनाऱ्यावरची निवासगृहे व खानावळी: जो प्रवाशाकडून एका रात्रीचे भाडे घेतो त्याने त्याच्या बाटल्यांचाही हिशेब द्यावा, आणि पंचायतीने त्यासाठी निराळी आकारणी करण्यास संकोच करू नये. तिसरे आमचे व्यापारी बंधू. गिऱ्हाईक पिशवी मागते म्हणून आम्ही देतो, असे ते म्हणतात. परंतु उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकास नाही म्हणण्याचे धैर्य ज्यांच्या अंगी आहे त्यांस पातळ पिशवी नाकारता येऊ नये हे आम्हांस पटत नाही. पंचायतीने सफाईस जे हात नेमिले आहेत त्यांस हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार मिळतो की नाही हेही ग्रामसभेने विचारावे. ही चौकशी सरपंचाची मेहरबानी म्हणून नव्हे, हिशेब म्हणून व्हावी.

कोठल्या ना कोठल्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘कचरा टाकण्यासाठी जागा पाहणे’ असा विषय आज ना उद्या येईल. तो आला म्हणजे सभासदांनी मंजुरीपूर्वी एक दुरुस्ती मांडावी: ‘टाकण्यासाठी जागा पाहणे’ हे शब्द गाळून ‘घरोघरी दोन बालद्या व मासळीबाजारास एक छपराचा खड्डा’ हे शब्द घालावेत. दुरुस्ती फेटाळली गेली तर जागेचा ठराव मांडणाऱ्या गृहस्थांचे घर त्या जागेपासून किती अंतरावर आहे, याची नोंद इतिवृत्तात करून घेण्यास विसरू नये.